काळ्या कागदावरचा करुण

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. राज्याभिषेक पार पडला आहे, वनवास मागे पडला आहे, सीता गर्भवती आहे. आणि लक्ष्मण तिला व रामाला त्यांच्याच गतायुष्याची रंगविलेली चित्रे दाखवितो आहे. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता दचकते तेव्हा ‘हे चित्र आहे’ याची आठवण तिला करून देणारा राम, पुढे जनस्थानातील प्रसंग आला की स्वतःच विव्हळ होतो. सीता शेजारी उभी असताना तिच्या विरहाचे दुःख त्याला पुन्हा होते. चित्र हे चित्र आहे हे ठाऊक असूनही शोक खरा असू शकतो, किंबहुना चित्र असल्यामुळेच तो एवढ्या निर्भेळपणे जागा होतो, ही गोष्ट आपल्या परंपरेतील एका थोर नाटककाराने अशी गृहीत धरलेली आहे. असे असताना, रेखाटलेल्या आणि हलत्या चित्रांतून सांगितलेल्या कथेला ‘कार्टून’ म्हणून एकदा बाजूला ठेवले की तिच्यात शोक, अपराधभाव, मनोभंग असे काही असूच शकत नाही, असे आपल्या समीक्षेने का मानावे?

हा प्रश्न मला पडला तो ग्रंथालयात नव्हे, वर्गात. उल्हासनगरात मराठी शिकविताना माझ्यासमोर जे विद्यार्थी बसतात त्यांतले बरेचसे अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने येतात, काही कॅम्पातले असतात, आणि त्या सर्वांचे समान पूर्ववाचन शोधू गेले तर ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ते दूरचित्रवाणीवरील चित्रमालिकांत सापडते. समान संहिता नसलेल्या वर्गात साहित्यशास्त्र शिकविणे ही कसरत असते, हे अध्यापक वाचकांना सांगायला नको. तेव्हा त्यांच्याकडे असलेली संहिता गंभीरपणे वाचून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा मूळ हेतू होता. वाचता वाचता एका मालिकेपाशी मी थांबले, आणि तिच्याविषयी जे सर्रास म्हटले जाते ते मला अपुरे वाटू लागले.

मालिका ‘बॅटमॅन’. तिची सुरुवात अमेरिकेत ५ सप्टेंबर १९९२ रोजी झाली. ब्रूस टिम आणि एरिक रॅडोम्स्की हे तिचे कर्ते, पॉल डिनी आणि अ‍ॅलन बर्नेट हे तिच्या प्रमुख लेखकांपैकी. भारतात ‘कार्टून नेटवर्क’ १९९५ मध्ये आले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या अंबरनाथच्या घरी केबलवर मी ही मालिका पाहिली. पाहत होता खरा माझा धाकटा भाऊ. मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि अशा गोष्टींकडे तुच्छतेने पाहण्याचे ते वय. इंग्रजी संवाद आम्हा दोघांनाही निम्मेशिम्मेच कळत. त्यामुळे आम्ही ती मालिका भाषेतून कमी आणि रेषा, रंग व शर्ली वॉकर यांचे संगीत यांतून अधिक वाचली. याचा एक फायदा झाला असावा. जे बोलले जात होते ते निसटले, पण जे बोलले जात नव्हते ते ध्यानात राहिले.

या मालिकेविषयी नेहमी सांगितली जाणारी एक तांत्रिक बाब येथे नोंदविली पाहिजे, कारण ती तांत्रिक राहत नाही. चित्रमालिकांची पार्श्वभूमी सामान्यतः पांढऱ्या कागदावर रंगवितात. रॅडोम्स्कीने ती काळ्या कागदावर रंगवून घेतली. याचा अर्थ असा की या शहरात अंधार ‘घातलेला’ नाही. तो आधीपासून आहे, आणि खिडकी, दिवा, चेहरा जे काही दिसते ते त्यातून कष्टाने वर काढलेले आहे. पांढऱ्या कागदावर काळोख ही घटना असते. काळ्या कागदावर उजेड ही घटना होते. मालिकेचे आशयसूत्र या निर्णयातच सामावले आहे असे मला वाटते.

आता ‘प्रौढ’ आणि ‘काळोखी’ या विशेषणांकडे वळू. या मालिकेचे कौतुक करणारे बहुधा तिला ‘मुलांची असूनही प्रौढ’ असे म्हणतात आणि पुरावा म्हणून गुन्हेगारी, वेड, सूड यांची यादी देतात. विषयांच्या यादीने कलाकृती प्रौढ ठरत असती तर सायंदैनिकाचे पहिले पान ही सर्वांत प्रौढ साहित्यकृती ठरली असती. पाहायचे असते ते विषयाचे काय केले आहे हे.

मुलांच्या वेळेत दाखविल्या जाणाऱ्या या मालिकेवर प्रक्षेपणाचे कडक निर्बंध होते. रक्त नको, डोळ्यांदेखत मृत्यू नको. आणि तरीही नायकाची सगळी कथा उभी आहे ती आईबापांच्या खुनावर. ‘रॉबिन्स रेकनिंग’ या १९९३ च्या दोन भागांच्या कथेत, जिला त्या वर्षी एमी पारितोषिकही मिळाले, सर्कशीतल्या मुलाचे आईवडील झुल्यावरून पडून मरतात. दाखविले आहे ते असे : दोघे झोका घेत चौकटीबाहेर जातात, आणि परत येतो तो फक्त तुटलेला दोर. बस्स. पडणे नाही, किंकाळीचा विस्तार नाही, देह नाही. रिकामा दोर आणि ते पाहणाऱ्या मुलाचा चेहरा. ध्वनिसिद्धान्त शिकविताना आपण वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांची तीच ती परंपरागत उदाहरणे देत राहतो. आनंदवर्धनाला अभिप्रेत असलेली गोष्ट, म्हणजे जे सांगितले असते तर लहान झाले असते ते न सांगता मोठे होणे, या दोराइतकी सोप्या रीतीने मला वर्गात कधी दाखविता आलेली नाही.

यावर असे विचारले जाईल की मग ही प्रक्षेपण-नियमांची करामत म्हणायची काय? निर्बंधांमुळे कला सुधारते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे टाळला पाहिजे. तो सोयीचा आहे आणि धोक्याचाही. त्याच निर्बंधांखाली त्याच काळात शेकडो निर्जीव मालिका निघाल्या. निर्बंधाने दार बंद केले एवढेच. खिडकी शोधायची दृष्टी या लेखक-चित्रकारांची होती.

पण या मालिकेचे खरे बळ मला ज्या ठिकाणी दिसते ते खलपात्रांत. ‘हार्ट ऑफ आइस’ हा ७ सप्टेंबर १९९२ रोजी दाखविला गेलेला भाग : लेखक डिनी, दिग्दर्शक टिम. व्हिक्टर फ्रीझ हा शास्त्रज्ञ. त्याची पत्नी नोरा असाध्य आजाराने मरणोन्मुख. उपाय सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवण्याचा त्याचा प्रयोग कंपनीच्या साहित्यावर चाललेला. कंपनीचा मालक बॉइल येतो, खर्चाचा हिशेब काढतो आणि यंत्र बंद करायला लावतो. झटापटीत फ्रीझ रसायनांत पडतो आणि पुढे शून्याखालच्या थंडीशिवाय जगू शकत नाही. सूड घेण्यासाठी तो परत येतो तेव्हा त्याच बॉइलचा मानवतावादी उद्योगपती म्हणून सत्कार चालू असतो. येथे बॅटमॅनची कामगिरी दुय्यम आहे. त्याला सर्दी झाली आहे आणि शेवटी तो फ्रीझला हरवितो ते थर्मासमधल्या गरम सूपने. हा विनोद मुलांसाठी खरा, पण त्यातही एक तर्क आहे : घरी कोणीतरी काळजीने करून दिलेल्या सूपची ऊब या माणसाला सोसत नाही. अखेरच्या दृश्यात फ्रीझ थंड कोठडीत बसला आहे, हातात नर्तकीची बाहुली असलेला काचेचा गोळा, बाहेर बर्फ, आणि तो नोराची क्षमा मागत रडतो आहे.

ज्या गावात कारखान्याचा भोंगा बंद पडणे म्हणजे काय हे प्रत्येक गल्लीने कधी ना कधी पाहिले आहे, तेथे हिशेबाच्या एका ओळीने कोणाचे तरी जगणे थांबते ही कथा कोणाला परकी वाटेल? माझ्या भावाला ती परकी वाटली नव्हती. तो दहा वर्षांचा होता आणि फ्रीझ हरला तेव्हा तो खूश झाला नाही. ‘मग त्या साहेबाला काही नाही होणार?’ एवढेच त्याने विचारले. (बॅटमॅन बॉइलचा पुरावा उघड करतो, पण मुलाच्या न्यायबुद्धीला ते पुरेसे नव्हते.)

भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. दोहोंत वियोग आहे, अश्रू आहेत, चिंता आहे. परंतु विप्रलंभ सापेक्ष असतो. त्यात पुन्हा भेटीची आशा शिल्लक असते. करुण निरपेक्ष. आशेचा धागा तुटलेला असतो. हा भेद परीक्षेपुरता पाठ करून विद्यार्थी विसरतात. म्हणून काही वर्षांपूर्वी साहित्यशास्त्राच्या तासाला मी फ्रीझचे उदाहरण दिले : गोठविलेली पत्नी, गेलेली पत्नी, निरपेक्ष भाव, म्हणून करुण. वर्गात ओळखीचे हसू पसरले. मॅडम कार्टून पाहतात ही बातमी त्यांना रसविचारापेक्षा मोठी वाटली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बदलापूरहून येणारा, एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, “मॅडम, तुमचं उदाहरण चुकतंय. पुढच्या भागात ती जिवंत असते.”

तो बरोबर होता. १९९४ च्या ‘डीप फ्रीझ’ या भागात नोरा अद्याप गोठलेल्या अवस्थेत सुरक्षित असल्याचे दाखविले आहे, आणि १९९८ च्या ‘सबझीरो’ या चित्रपटात ती बरीही होते. मी म्हटले, मग तो विप्रलंभ झाला. तो म्हणाला, “झाला. पण ती परत यायला नको होती.” वर्ग हसला. त्याने बसायच्या आधी आणखी एक वाक्य उच्चारले : “येत नसतात, मॅडम.” तास संपल्यावर त्याच्या मित्राने सांगितले, याचे वडील लोकलमधून पडून गेले, हा आठवीत असताना.

या प्रसंगाचा भावनिक उपयोग करून घेण्याची माझी इच्छा नाही. त्या मुलाने समीक्षेचे एक विधान केले होते आणि ते विधान म्हणूनच तपासले पाहिजे. पहिल्या भागाने फ्रीझच्या शोकाला जे स्थान दिले ते, ती गेली आहे या गृहीतावर. पुढील भागांनी तिला परत आणून त्या शोकाला हेतू दिला, कथानक दिले, पुन्हा वापरता येण्याची सोय दिली. आणि तेवढ्याने तो लहान केला. यावर वर्गातल्याच एका मुलीने नंतर घेतलेला आक्षेप असा की भवभूतीनेही सीतेला परत आणलीच की. रामायणात ती पृथ्वीच्या पोटात जाते, ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात मात्र भेट होते. मग करुण हाच एक मूळ रस मानणाऱ्या कवीने करुणाशी प्रतारणा केली म्हणायची का?

आक्षेप चांगला आहे. त्याचे उत्तर मला असे सुचते. भवभूतीचा राम भेटीपर्यंत पोहोचतो तो आपल्या कृत्याच्या पुराव्यातून : तिसऱ्या अंकात वासंती त्याला धारेवर धरते, सातव्यात त्याच्याच अन्यायाचे नाटक त्याला सर्व प्रजेसमोर पाहावे लागते. भेट ही त्या पाहण्याची परिणती आहे. नोराच्या परतण्यात असे कोणीच काही पाहत नाही. एका नव्या खलपात्राला फ्रीझची गरज पडते, म्हणून ती असते. दोन सुखान्तांतले अंतर हे आहे. त्या विद्यार्थ्याला ‘उत्तररामचरित’ ठाऊक नव्हते, पण फसवी भेट त्याने अचूक ओळखली होती, आणि कशाच्या आधारे ओळखली हे आपण विचारू नये.

बालवाचकाला असा शोक पेलतो का, ही शंका आपल्याकडे अलीकडची आहे. मराठी मुलांचे वाचन उन्हाने न्हालेले कधीच नव्हते. ‘चांदोबा’तला विक्रमादित्य महिन्यामागून महिने खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालत होता, शंकर या चित्रकाराने काढलेले ते चित्र पाहिलेले वाचक आज पन्नाशी-साठीचे आहेत. १९६४ पासून निघू लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने ‘फँटम’ या मुखवटाधारी नायकाला मराठीत आणताना त्याचे नाव ठेवले वेताळ. या नामकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष जावे. कोकणात वेताळ हा भुतांचा स्वामी आणि तोच गावचा राखणदारही. ज्याला भ्यायचे त्याच्याच भरवशावर झोपायचे. भाषांतरकाराला हे ठाऊक असो वा नसो, भयंकर दिसणारा रक्षक ही कल्पना मराठी मुलाला समजावून सांगावी लागली नाही. अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरात, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा काल आहे, बाहेरच्या भिंतींवर शिवाची सौम्य तशीच उग्र रूपे कोरलेली आहेत आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावे लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेत बापाच्या खांद्यावर बसून ती शिल्पे मी पाहिली. ही वयोगटाला योग्य आहेत काय, असे कोणी विचारले नाही.

आणि सर्वांत ठळक उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर असूनही आपण त्याकडे या दृष्टीने पाहत नाही. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’तील प्रकरणांना साने गुरुजींनी ‘रात्री’ म्हटले आहे. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, पण सांगताना तो आई गेलेला मुलगाच असतो, आणि पुस्तक त्या मृत्यूकडे रात्रीमागून रात्र चालत जाते. या पुस्तकाला रडवे म्हणणाऱ्यांनी आणि संस्कारांची शिदोरी म्हणून वाटणाऱ्यांनी, दोघांनीही, त्यातील रात्र पाहण्याचे टाळले. ब्रूस वेन आणि श्याम यांची तुलना हास्यास्पद वाटेल. तरी दोघेही बालपणीच्या एका मृत्यूपाशी आयुष्यभर उभे आहेत हे खरे. श्याम ते दुःख सांगून वाटून टाकतो, श्रोत्यांत बसून. ब्रूस सांगत नाही. त्याच्याजवळ आल्फ्रेड आहे, पण आल्फ्रेडला आधीच सर्व ठाऊक आहे, म्हणजे सांगण्याजोगे कोणी नाहीच. न सांगितलेले दुःख दर रात्री अंगरखा चढवून छपरांवर फिरते. फरक संस्कृतींचा नाही, कथनाचा आहे.

न सांगण्याविषयी उल्हासनगरात थोडे अधिक लिहिता येते. महायुद्धकाळात कल्याणजवळ उभारलेली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आणले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर हे नाव दिले. नावात उल्हास, भागांना आजही ‘कॅम्प’ आणि क्रमांक. भरताने करुणाचे जे विभाव सांगितले त्यांत इष्टजनांचा वियोग आहे, तसा विभवनाशही आहे. हे गाव दोहोंतून निर्माण झाले. माझ्या सिंधी विद्यार्थ्यांना मी घरच्या आठवणी लिहून आणायला सांगते तेव्हा त्यांच्या वह्यांत दुकान उभे राहिल्याची कथा असते, पहिली पेटी, पहिले यंत्र, पहिला गाळा. त्याआधीचे पान कोरे. आजोबा बोलत नसत, एवढे एक वाक्य. मालावरच्या ‘यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगून हसणाऱ्या या गावाच्या विनोदातही, आपण कोठून आलो हे विचारू नका, असा एक सूर मला ऐकू येतो. त्यांतल्याच एका मुलाने निबंधात लिहिले की बॅटमॅनची सुरुवातीची गोष्ट दरवेळी परत दाखवितात याचा त्याला कंटाळा येत नसे, कारण ‘निदान त्याच्या घरात ती सांगतात तरी’. ‘सुरुवातीची गोष्ट’ हा त्याचा शब्द मी पुढे पारिभाषिक संज्ञा म्हणून वापरू लागले.

मालिका सर्वत्र या उंचीवर आहे असे नाही. हार्ले क्विनचे पात्र १९९२ मध्ये ‘जोकर्स फेवर’ या भागात आले. जोकरवर भाळून त्याची साथीदारीण झालेली ही बाई वर्षानुवर्षे मार खात राहते, आणि कितीतरी भागांत तो मार विनोद म्हणून येतो. करुणाचा विभाव हास्याच्या ताटात वाढला तर जो रसाभास होतो त्याचे हे उदाहरण. १९९९ च्या ‘मॅड लव्ह’ या भागात, जो मूळ १९९४ च्या चित्रकथेवर आधारलेला आहे, लेखकांना याची जाणीव झालेली दिसते : जोकर तिला खिडकीतून ढकलून देतो, जखमी अवस्थेत ती आता शहाणी झाल्याचे स्वतःशी ठरविते, आणि शेजारी ठेवलेले त्याचे फूल पाहताच विरघळते. वर्गात मुले या शेवटावर हसली, मुली हसल्या नाहीत. मी काहीच बोलले नाही. आधीच्या भागांनी हसायची सवय लावली होती आणि या भागाला ती मोडता आली नाही, असे आता वाटते.

‘टू-फेस’विषयी लवकर सांगून टाकते, कारण त्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. दाबलेल्या रागातून दुभंगलेला सरकारी वकील ही कल्पना नवी नाही. पण दुसऱ्या भागाच्या शेवटी ब्रूस आपल्या या मित्रासाठी कारंज्यात नाणे टाकतो. ज्या नाण्यावर मित्र माणसांचे भवितव्य ठरवीत होता, तेच नाणेफेकीचे कृत्य येथे नवस होते. अशा जागी मालिका काहीही समजावून सांगत नाही.

उलट आजच्या, ‘प्रौढांसाठी’ असे उघड लेबल लावून येणाऱ्या मालिका पाहू. २०२१ पासून येणाऱ्या ‘इन्व्हिन्सिबल’ची सध्याच्या विद्यार्थ्यांत फार चलती आहे. रॉबर्ट कर्कमनच्या चित्रकथेवरून केलेल्या या मालिकेत निर्बंध नाहीत. पहिल्या भागाच्या शेवटी जगाचा सर्वांत बलाढ्य रक्षक आपल्या सहकाऱ्यांची कत्तल करतो. पहिल्या पर्वाच्या अखेरच्या भागात तो स्वतःच्या मुलाला समोरून येणाऱ्या भुयारी गाडीपुढे धरून ठेवतो, आणि त्या न मोडणाऱ्या देहावर आपटून गाडी व गाडीतली माणसे चिरडत जातात. माणसे किती क्षुद्र आहेत हे मुलाला पटवून देण्यासाठी. या दृश्याची वाहवा करणारे विद्यार्थी रोज सकाळी बदलापूर लोकलला लोंबकळून येतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी मेले, तेव्हा यांतली कित्येक मुले त्याच मार्गावर होती.

दृश्य वाईट आहे असे मी म्हणत नाही. बापाच्या मतातील क्रौर्य त्याने ठसते. परंतु ठसविण्यासाठी गाडीतल्या माणसांना चेहरे नसणे आवश्यक झाले आहे, म्हणजे मालिका ज्या मताचा धिक्कार करते त्याच मताने तिचा कॅमेरा पाहतो. रिकाम्या दोरापाशी निदान पाहणारा एक मुलगा होता. ‘इन्व्हिन्सिबल’ प्रौढ होते ती अन्यत्र : नवऱ्याचा रक्ताळलेला पोशाख सापडल्यावर डेबी ही त्याची बायको काही काळ कोणालाच काही सांगत नाही, स्वयंपाकघरात बसून राहते, आणि नवरा घरी येतो तेव्हा नेहमीसारखे बोलण्याचा प्रयत्न करते. तिच्याविषयी मात्र विद्यार्थी क्वचितच बोलतात.

शेवटी ‘पर्चान्स टू ड्रीम’ या १९९२ च्या भागाविषयी. ब्रूस सकाळी जागा होतो तो आईवडील जिवंत असलेल्या घरात. गुहा नाही, मुखवटा नाही. बॅटमॅन दुसराच कोणी आहे. त्याला हवे ते सारे मिळाले आहे. संशय येतो तो पुस्तक उघडल्यावर : अक्षरे जागेवर नाहीत, ओळींना अर्थ नाही, वर्तमानपत्रही तसेच. स्वप्नात वाचता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे, आणि एवढ्या एका पुराव्यावर तो आईबापांना दुसऱ्यांदा गमावायला तयार होतो. मनोऱ्यावरून उडी टाकून जागा होतो. आमच्या घरातल्या त्या दूरचित्रवाणी संचावर ती विस्कटलेली पाने दिसली तेव्हा भावाने मला हाक मारून विचारले होते, ताई, इथे काय लिहिलंय? त्याला वाटले इंग्रजी असल्यामुळे आपल्याला वाचता येत नाही. मी पुढे होऊन पाहिले आणि कोणालाच येणार नाही, असे त्याला सांगितले. तो एवढा खूश झाला की पुढचे दृश्य दोघांचेही पाहायचे राहून गेले.